साथीच्या पार्टीची पहिली पत्रिका

माणसाला कशाची ददात नसली की त्याला थीम सुचते. आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे औक्षण, श्रीखंड-पुरी आणि नवा फ्रॉक असेल तर असेल. आता नुसता वाढदिवस कोणी करतच नाही. मी घरी बसून कॉम्प्युटरवर पत्रिका लावते. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या. गेल्या काही वर्षांत याच हातांनी जंगल थीम केली, सर्कस थीम केली, आणि एका पोराला अंतराळवीर केलं, ज्याला धड उभंही राहता येत नव्हतं. मला वाटलं होतं की आता आपल्याला कशाचं म्हणून नवल वाटणार नाही. मग वहिनींचा फोन आला.

वहिनी म्हणजे नात्याची कोणी नाही. माझी आई मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूच्या एका टॉवरमध्ये चार घरी पोळ्या करायची आणि चारही घरच्या बायकांना वहिनीच म्हणायची. ही त्यातली नवव्या मजल्यावरची. मराठीच, दादरहून इकडे आलेली, आणि दादरहून आल्याचं दर दोन वाक्यांनी सांगणारी. मीरा रोडला राहायचं पण मनाने उतरायचं नाही, अशी बरीच माणसं आमच्याकडे आहेत. हिचा नवरा चाळिशीत पाय ठेवणार होता.

"डिअर, मला एकदम हटके इन्व्हाइट हवंय," ती म्हणाली. "थीम आहे आउटब्रेक."

"म्हणजे?"

"म्हणजे साथ आलीये. व्हायरस पसरलाय. शहर सील झालंय आणि आपण फक्त वाचलोय. मग पार्टी!"

मी विचारलं, "मॅडम, खरी येऊन गेली ना नुकतीच?"

"म्हणून तर! आता त्याच्यावर हसायला पाहिजे यार. हीलिंग असतं ते."

घ्या. आम्ही इथे तेव्हा पेणकरपाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून एकमेकींची खोकल्याची उबळ मोजत होतो, आणि हिचं हीलिंग राहिलं होतं.

तेव्हाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या दिवसांत टॉवरने सगळ्या कामवाल्या बंद केल्या. ते एक वेळ ठीक, सगळीकडेच केल्या होत्या. मग स्वतःच्या पोळ्या स्वतः लाटून सोसायटी कंटाळली आणि कामवाल्यांना परत बोलावलं, पण लिफ्ट द्यायची नाही. बाहेरून येता, चार घरी हात लावता, जिन्याने या. आई जिन्याने गेली. रोज. साथ ओसरली, लोक गोव्याला जाऊन आले, लग्नांत पाचशे-पाचशे पानं उठायला लागली, तरी टॉवरमधला जिना काही सुटेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. शेवटी सगळ्या बायकांनी मिळून सोसायटीच्या ऑफिसात जाऊन हातापाया पडून लिफ्ट परत मिळवली. तोवर आईच्या गुडघ्यांचं व्हायचं ते झालं होतं. भाईंदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मावशी, जिना चढायचा नाही. चढलात तर काम कायमचं सोडावं लागेल."

आणि काम तर तिला सोडायचं नव्हतं. माझ्या पत्रिकांवर आमचं दोघींचं भागलं असतं, मी तिला शंभरदा सांगून पाहिलं. पण बाबा गेल्यापासून ती चार घरं म्हणजे तिचा दिवस होता. कोणाच्या पोराला गुळाची पोळी आवडते, कोणाच्या सासूला मऊ लागते, हे सगळं तिच्या डोक्यात. रत्नागिरीकडची बाई, हातावर हात धरून बसणं तिला माहीतच नाही. लिफ्ट होती म्हणून तिचं काम होतं. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

तर इन्व्हाइट. वहिनीबाईंना नुसतं कार्ड नको होतं. "अनुभव" हवा होता. पाहुण्याला आधी कळताच कामा नये की हे आमंत्रण आहे. म्हणून दोन टप्पे करायचे ठरले. पहिल्या टप्प्यात एक सरकारी नोटीस. नाव नाही, गाव नाही, वाढदिवसाचा उल्लेख नाही. ती वाचून पाहुण्याच्या पोटात गोळा यायला हवा. मग चार-पाच दिवसांनी दुसरा टप्पा. प्लास्टिकच्या पिशवीत एक मास्क, हातमोजे, लाल पाण्याची कुपी, आणि कुपीभोवती गुंडाळलेल्या चिठ्ठीत पार्टीची वेळ, पत्ता आणि "वाचलेल्यांनो, या!"

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. लग्नाच्या पत्रिकेत करायचं काय असतं? गणपती डावीकडे, कलश उजवीकडे, आणि "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं". इथे मला एक अख्खं कार्यालय उभं करायचं होतं. महापालिकेचं नाव किंवा शिक्का वापरणार नाही, हे मी आधीच बजावलं. वहिनी जरा फुरंगटली. पण मी "विशेष संसर्ग नियंत्रण कक्ष" असं एक खातं जन्माला घातलं, आणि त्या नावाकडे पाहिलं तरी माणूस रांगेत उभा राहील अशी त्याला भारदस्त अक्षरं दिली.

कागद महत्त्वाचा. पांढराशुभ्र, गुळगुळीत कागद घेतला की नोटीस मेली. सरकारी कागद थोडा मळकट लागतो, पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ. तसला कागद भाईंदरच्या एका जुन्या प्रेसवाल्याकडे धूळ खात पडला होता, तो उचलून आणला. छापून झाल्यावर प्रत झेरॉक्समधून काढली, मग त्या प्रतीची प्रत, मग तिची प्रत, म्हणजे अक्षरांच्या कडा झिजल्या आणि खालची ओळ किंचित तिरपी झाली. गोल शिक्का अर्धाच उठवला, कारण पूर्ण उठलेला सरकारी शिक्का मी जन्मात पाहिलेला नाही. सही अशी केली की ती कोणाचीही असू शकेल. जावक क्रमांक पेनाने घातला आणि खोडून पुन्हा लिहिला. वर डाव्या कोपऱ्यात गंजका स्टेपल.

आणि भाषा! ती तर माझ्या आवडीची. "सदर परिसरात अज्ञात तापसदृश आजाराचा प्रादुर्भाव आढळून आला असून नागरिकांनी घाबरून न जाता दक्षता घ्यावी." घाबरून न जाता, हे तीन शब्द वाचले की आपला मराठी माणूस नक्की घाबरतो. पुढे लक्षणं दिली. डोळे लाल होणे, विनाकारण हसू येणे, कच्च्या मांसाची इच्छा होणे. म्हटलं, एवढ्यावरून तरी शहाण्याला कळावं. शेवटी "पुढील आदेशाची प्रतीक्षा करावी". वहिनीच्या सांगण्यावरून प्रत्येक कागदाला फिनेलचा बोळाही फिरवला. ही तिची कल्पना, आणि मान्य करते, चांगली होती. पाकीट उघडलं की नाकात इस्पितळ.

आईने मात्र नाक मुरडलं. "काय गो ही पत्रिका? आमंत्रणाला फिनेलचा वास?"

"तशीच थीम आहे, आई."

"थीम काय, मेलं मोरीचं आमंत्रण वाटतंय. वाढदिवसाची गोष्ट ना ही? मग वर गणपती कुठाय?"

"साथीत गणपती नसतो."

"साथीतच असतो," ती म्हणाली. तिला पटलेलं नाही हे मला दिसत होतं. पण वहिनीने तिला बजावून ठेवलं होतं की मावशी, सरप्राइज आहे, कोणाला म्हणजे कोणाला बोलायचं नाही. आणि माझी आई शब्द म्हणजे शब्द पाळणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिटांचा गठ्ठा वहिनीकडे पोचवायला मी आईकडेच दिला. ती रोज जातेच, वेगळी खेप कशाला. आता आमच्याकडची रीत बघा. कार्य कोणतंही असो, पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, आणि मग ती गावात ज्याचा मान असेल त्याला नेऊन द्यायची. गावकराला विचारल्याशिवाय गावात कार्य होत नाही. आईने माझ्या पाठीमागे तेच केलं. गठ्ठ्यातली वरची नोटीस काढली, देवापुढे ठेवली, अज्ञात तापाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. मग टॉवरमध्ये गेली. टॉवरमध्ये गावकर कोण? सोसायटीचे सेक्रेटरी.

सेक्रेटरींना वहिनी बोलावणारच नव्हती. तिचे सगळे पाहुणे मुंबईचे. बिल्डिंगमधल्या एकालाही आमंत्रण नव्हतं. पण एवढं मोठं कार्य, वर माणसं येणार, गाणी वाजणार, आणि सेक्रेटरीला पत्ता नाही, हे आईच्या बुद्धीत बसेना. वहिनी लहान आहे, विसरली असेल, आपण निस्तरू. गेटपाशी सेक्रेटरी सकाळचा व्यायाम म्हणून हात हलवत उभे होते. आईने पदर सावरला, दोन्ही हातांनी तो कागद पुढे केला आणि म्हणाली, "साहेब, पहिला मान तुमचा."

बस, एवढंच. सरप्राइज आहे ना, पुढे बोलायचं नव्हतं. हसून लिफ्टने वर गेली.

सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, आता सोसायटीत दुसऱ्यांची माणसं तपासतात. त्यांनी कागद वाचला. फिनेलचा वास आला. कोपऱ्यावरचे पिवळे-लाल डाग पाहिले आणि हे काहीतरी औषध सांडलंय किंवा त्याहून वाईट काहीतरी आहे असा निष्कर्ष काढला. घरोघरी फिरणाऱ्या बाईच्या हातून खात्याने नोटीस पाठवली, म्हणजे ती बाई त्या भागातून आली, म्हणजे साथ तिकडेच आहे. विनाकारण हसू येणे हे लक्षण तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलंच होतं. हा सगळा तर्क त्यांनी नंतर मला स्वतः ऐकवला, तोही अभिमानाने.

त्या नोटिशीत लिफ्टचा ल नव्हता. मी सांगते ना, मीच लिहिली होती. पण दुपारपर्यंत कमिटीची तातडीची बैठक झाली, ठराव झाला, आणि संध्याकाळी लिफ्टजवळ माझी नोटीस आणि तिच्याखाली त्यांची नोटीस अशा दोन लागल्या. त्यांच्या नोटिशीत एकच मुद्दा होता. घरकामगार व बाहेरील व्यक्तींना लिफ्टचा वापर करण्यास सक्त मनाई. म्हणजे साथ कुठली हे माहीत नाही, उपाय काय ते माहीत नाही, पण रोग कोणाच्या अंगावर चढून येतो ते मात्र पक्कं माहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने आईला लिफ्टपाशी अडवलं. "मौसी, ऑर्डर है. सीढ़ी से जाओ."

आई जिन्याने गेली. घरी आली तेव्हा तिने मला काही सांगितलं नाही. मीच तिला भिंतीला धरून बसताना पाहिलं आणि खोदून विचारलं. तिने सांगितलं, मानाची पत्रिका दिल्याचंही सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, अगं आई, तू काय केलंस! पण तिच्यावर रागावू कशी? तिने मान दिला होता. ज्याला दिला त्याला तो पेलला नाही, त्याला ती काय करणार? आणि मीही काही कपाळ बडवून घेतलं नाही. नोटीस माझी होती, लिफ्टबंदी त्यांची. ज्याचं पाप त्याच्या पदरात.

मी वहिनीला फोन लावला. वाटलं, तिला धक्का बसेल.

"आय नो!" ती किंचाळलीच. "सोसायटीच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ चाललाय! लोक वाण्याकडून पोती भरतायत. मी तर माझ्या सगळ्या फ्रेंड्सना स्क्रीनशॉट पाठवले. तुझं इन्व्हाइट सॉलिड चाललंय, डिअर!"

"मॅडम, आई जिना चढतेय."

"हो का? अरे बापरे. पण प्लीज, पार्टीपर्यंत सांगू नको ना कोणाला. सगळी मजा जाईल."

"तिचे गुडघे जातील."

"चारच दिवस ना? मी सांगते मावशींना, सावकाश चढा म्हणून."

सावकाश चढा. हा तिचा तोडगा. मी फोन ठेवला. त्या दिवशी मला इतका राग आला होता की समोर स्क्रीनवरचा अंतराळवीर पुसून टाकावासा वाटला, ज्याचा काही दोष नव्हता.

सरप्राइज गेलं खड्ड्यात. मी तडक टॉवरमध्ये गेले, सेक्रेटरींच्या समोर दुसऱ्या टप्प्याची पिशवी उघडली, मास्क, हातमोजे आणि लाल पाण्याची कुपी टेबलावर मांडली, चिठ्ठी वाचून दाखवली. सांगितलं, ही साथ मी माझ्या टेबलावर तयार केली आहे. हा कागद जुन्या प्रेसमधला आहे, हा शिक्का मी अर्धा उठवला आहे, हे हळदकुंकू माझ्या आईने लावलं आहे, आणि तिने तुम्हाला मोठा माणूस समजून पहिली पत्रिका दिली आहे.

त्यांनी ते डाग पुन्हा निरखून पाहिले. चेहरा उतरला. मला वाटलं, झालं आपलं काम. पण कमिटीचा माणूस. क्षणात सावरला.

"हे आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "आता ठराव झालाय."

"मग रद्द करा."

"असा कसा रद्द करणार? एकमताने झालाय. सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल. आणि खरं सांगू का, तसाही लिफ्टवर लोड येतोच. बऱ्याच मेंबरांची तक्रार होती. या निमित्ताने एक शिस्त लागली."

"पण साथ नाहीये!"

"आज नाही. उद्या आली तर?"

कप्पाळ! माझी नोटीस त्यांनी तेव्हाच्या तेव्हा काढायला लावली, खोटी होती ना. त्यांची राहिली. वॉचमनने ती नीट राहावी म्हणून वरून चिकटपट्टी मारली.

वहिनीला कळलं तेव्हा ती सेक्रेटरींवर बिलकूल चिडली नाही. बिल्डिंगमध्ये रात्री गाणी वाजवायची तर सेक्रेटरी हाताशी लागतातच. तिने त्यांना आमंत्रण दिलं. नुसतं आमंत्रण नाही, भूमिका दिली. नोटीस पहिल्यांदा त्यांनाच मिळाली होती म्हणून ते साथीचे पहिले रुग्ण. सेक्रेटरी खूश. साठी उलटल्यावर एवढा मान त्यांना बँकेतही कोणी दिला नव्हता.

आणि स्वयंपाक? तो आईकडेच. वहिनीने आधीच शब्द घेतला होता. कोथिंबीर वडी, घावन आणि सोलकढी. कोथिंबीर वडीवर "संसर्गित ऊती" अशी पट्टी लावायची होती, पट्ट्या मीच छापल्या. सोलकढी सलाइनच्या पिशव्यांत भरून स्टँडला टांगायची, पाहुण्यांनी नळीने रक्त म्हणून प्यायची. आमच्या घरची सोलकढी, जिच्यात आई आमसुलं निवडून घालते, ती नळीने! मी आईला म्हटलं, तू जाऊ नको. सरळ सांग जमणार नाही म्हणून.

"शब्द दिलाय गो. आयत्या वेळी माणसाला तोंडघशी पाडू काय?"

"त्यांनी तुला पाडलं ते?"

"त्यांचं त्यांच्यापाशी."

वड्या आणि घावन तिने दिवसभरात जिन्याने वर जाऊन करून दिले. सोलकढी मात्र घरी केली, कारण वहिनीकडच्या नारळाचा तिला भरवसा नव्हता. संध्याकाळी आम्ही दोघी रिक्षाने टॉवरला गेलो. सोलकढीचं मोठं पातेलं, त्यावर घट्ट बांधलेलं फडकं. गेटपाशी पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. एकेक जण उतरत होता आणि काय सांगू, काय ते ध्यान! कोणाच्या गालावर फोड आलेले, कोणाचे डोळे लाल, एकीच्या मानेतून मांस लोंबतंय, एकाच्या तोंडातून हिरवा फेस. इतका खर्च करून इतकं घाण दिसणं ही श्रीमंतांनाच परवडणारी गोष्ट. वॉचमन प्रत्येकाला सलाम ठोकत होता आणि लिफ्टचं दार धरून उभा राहत होता. एकालाही त्याने विचारलं नाही, कुठून आलात, कोणाकोणाला हात लावलात.

आम्ही पातेलं घेऊन लिफ्टपाशी आलो. वॉचमनने खाली पाहिलं. बिचारा, त्याची तरी काय चूक. "मौसी, वो ऑर्डर..."

"माहिती हाय मला," आई म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

तेवढ्यात मागून लगबगीने सेक्रेटरी आले. चेहरा हिरवा, डोळ्यांखाली काळं, हनुवटीवरून लाल ओघळ, अंगात फाटका सदरा. ते चार पाहुण्यांबरोबर लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांना आई दिसली, हातात पातेल्याचा एक कान धरलेली. त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी हाताने दार अडवलं.

"मावशी, या या. आजच्या दिवस चालेल. आज पार्टी आहे."

आईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या आईचा आवाज एरवी शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. त्या दिवशी सगळ्या लॉबीत ऐकू गेला.

"नको साहेब. तुमाला बरं नाय. मला उद्या चार घरी कणकेत हात घालायचाय, माझ्या हातनं कोणाच्या घरात गेलं तर?"

लिफ्टमध्ये एकच हशा उसळला. "वॉव, मावशी इज इन कॅरेक्टर!" असं ती लोंबत्या मानेची बाई ओरडली आणि टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांना कळलं होतं. हिरव्या रंगाखाली माणूस किती लाल होऊ शकतो ते मी तेव्हा पाहिलं. त्यांनी दारावरचा हात काढला आणि लिफ्ट वर गेली.

आम्ही जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यापर्यंत आई बोलत होती, तिसऱ्याच्या अलीकडच्या वळणावर तिने पातेलं खाली ठेवलं आणि पायरीवर बसली. दोन्ही हातांनी गुडघे दाबत होती. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मला रडूच आलं, आणि रडताना मी त्या अख्ख्या टॉवरला वरपासून खालपर्यंत शिव्या दिल्या, ज्या इथे लिहीत नाही. वरून गाण्याचा दणदणाट येत होता.

तिने माझ्याकडून फोन मागून वहिनीला लावला. "वहिनी, सोलकढी तिसऱ्याच्या जिन्यात ठेवलीय. माझ्याच्यानं पुढं होत नाय. कोणाला तरी धाडा."

पलीकडून वहिनीचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "अहो मावशी, लिफ्टने या ना! आज कोण काही बोलणार नाही. मी सांगते ना सेक्रेटरींना, इथेच आहेत."

"आणि उद्या?" आईने विचारलं.

पलीकडे वहिनीच्या मागे कोणीतरी मोठ्याने हसलं. आईने उत्तराची वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, मी तिचा चेहरा बघत होते. मग फोन माझ्या हातात दिला आणि कठड्याला धरून उठली. उतरताना तर तिला चढण्यापेक्षा जास्त त्रास होतो. आम्ही एकेक पायरी उतरलो.

सकाळी वहिनीचा मेसेज आला. पार्टी तुफान झाली, सगळे तुझ्या इन्व्हाइटबद्दल विचारत होते, एका मैत्रिणीला भूकंपाची थीम करायची आहे, तुझा नंबर देऊ का? खाली आणखी एक ओळ होती. मावशी आज येतायत ना, घरात पोळ्या नाहीत.

मी आईला वाचून दाखवलं. ती पाय लांब करून, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती.

"लिही," ती म्हणाली. "ती नोटीस निघाली की येते."

मी तेवढंच लिहिलं. बाकीच्या तीन घरांनाही तेच कळवलं. त्यातल्या एका वहिनीने आईला फोन करून सांगितलं की मावशी, तुमचं अगदी बरोबर आहे, आणि मग विचारलं की तुमच्या ओळखीत कोणी तरुण बाई आहे का, जिना चढणारी.

नोटीस अजून तिथेच आहे. वॉचमन म्हणतो, कडा निघायला लागल्या की तो पुन्हा पट्टी मारतो. आई घरी आहे. सकाळी लवकर उठते, वेणीफणी करते, साडी बदलते, आणि मग तिला दिवसाचं काय करावं ते कळत नाही. कणीक भिजवायला बसते तेव्हा सवयीने चार घरांचं पीठ परातीत घेते. मी बघतेय असं दिसलं की ओंजळीओंजळीने ते परत डब्यात टाकते, आणि मला म्हणते, "दोघींना पुरे होईल ना गो एवढं?"